ढवळण्याचा वेग कुणी लिहायचा?



  परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या अध्यक्षीय भाषणाचा विषय ‘धातू-हायड्राइड संयुगे आणि हायड्रोजनीकरण : एक आढावा’ असा छापला आहे. तेव्हा आधी आढावा.

१९३१ साली हीबर यांनी लोहाचा कार्बोनिल हायड्राइड केला. १९३८मध्ये रोलेन यांनी कोबाल्टच्या जोरावर अल्किनपासून आल्डिहाइड काढून दाखवलं. १९६२मध्ये वास्का यांचं इरिडियमचं संयुग हायड्रोजन घेऊन पुन्हा सोडू लागलं, आणि त्याच दशकात विल्किन्सन यांचा ऱ्होडियम आला. १९८४मध्ये क्युबास यांनी हायड्रोजनचा रेणू न तुटता, अखंड, टंगस्टनवर बसलेला दाखवला. २००१चं नोबेल नोल्स, नोयोरी आणि शार्पलेस यांना मिळालं. पहिल्या दोघांना डाव्या-उजव्या रेणूंतला हवा तोच देणाऱ्या हायड्रोजनीकरणासाठी. झाला आढावा. उरलेलं कुठल्याही पुस्तकात सापडेल.

आता माझं गाऱ्हाणं. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या बहुतेक शोधनिबंधांत एक गोल चक्र काढलेलं असतं, आणि त्यावर मोठ्या दिमाखात एक हायड्राइड बसवलेला असतो. पुरावा काय? तर एनएमआरमध्ये शून्याच्या पलीकडे, उणे पंधराच्या आसपास सिग्नल दिसला. हायड्राइड सापडला, म्हणजे तोच उत्प्रेरक! घटनास्थळी उभा असलेला पहिला माणूस पकडून गुन्हा उलगडल्याचं जाहीर करावं, तशातला हा प्रकार.

दिसणारा हायड्राइड म्हणजे काम करणारा उत्प्रेरक असेलच असं नाही, हे शिकागोच्या जॅक हाल्पर्न यांनी १९७०च्या दशकातच सांगून ठेवलं आहे. विल्किन्सनच्या उत्प्रेरकाचे स्फटिक गर्द तांबडे असतात. द्रावणात हायड्रोजन सोडला की रंग उतरून फिकट पिवळा होतो. तो पिवळा म्हणजे तिन्ही फॉस्फिन सांभाळून बसलेला डायहायड्राइड. तो वेगळा काढता येतो, बाटलीत भरता येतो. पण हाल्पर्न यांनी वेग मोजले तेव्हा काम करणारा गडी निराळाच निघाला : एक फॉस्फिन टाकून दिलेला ऱ्होडियम. तो इतका थोडा असतो की डोळ्याला किंवा यंत्राला दिसत नाही, पण हायड्रोजनशी निदान दहा हजार पट वेगाने भिडतो. पुढे हाल्पर्न आणि लँडिस यांनी असममित हायड्रोजनीकरणात आणखी एक गंमत दाखवली. ऱ्होडियम आणि त्याने धरलेलं अल्किन यांच्या दोन जोड्यांपैकी जी द्रावणात बहुसंख्य दिसते, ती जवळपास बसूनच राहते. अल्पसंख्य जोडी शेकडो पट वेगाने हायड्रोजन घेते आणि मुख्य माल तीच देते. हायड्रोजनचा दाब वाढवला, तर या दोघींना आपसांत बदलायला सवड मिळत नाही आणि डाव्या-उजव्याची निवड ढासळते.

दाब म्हटलं की आमची मंडळी सिलिंडरचा गेज बघतात. उत्प्रेरकाला गेज दिसत नाही. त्याला द्रवात विरघळलेला हायड्रोजन तेवढा कळतो. टोल्युइनमध्ये साध्या तापमानाला, एका वातावरणाच्या दाबाला तो लिटरमागे जेमतेम ३ मिलिमोल असतो. लिटरभर द्रावणात अर्धा मोल अल्किन असेल, तर हा साठा दीडशेहून अधिक वेळा भरून निघायला हवा, आणि तोही द्रवाच्या पृष्ठभागातून. तिथे आपण लावतो हायड्रोजनचा एक फुगा, खाली गरगरणारी चुंबकी कांडी, आणि निबंधात लिहितो : ‘हायड्रोजन, एक वातावरण, जोरात ढवळले.’

गेल्या काही अधिवेशनांत वाद रंगतो आहे की मोठ्या बॅचमध्ये निवड बिघडते ती लिगँडमुळे की ओलाव्यामुळे. दोन्ही बाजूंचे विद्वान समोर बसले आहेत. मी कोकणातल्या एका कारखान्यात होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. रुथेनियमचा उत्प्रेरक प्रयोगशाळेत सोन्यासारखा चालायचा, मोठ्या ऑटोक्लेव्हमध्ये माल नासायचा. साहेब लोकांनी सॉल्व्हंट पुन्हा सुकवला, फॉस्फिन नवं मागवलं, उत्प्रेरक दुप्पट टाकला. रात्रपाळीचे ऑपरेटर काका हायड्रोजनचा व्हॉल्व्ह बंद करायचे आणि मनगटावरच्या घड्याळात बघत गेजचा काटा किती उतरतो ते वहीत टिपायचे. ते मला म्हणाले, “साहेब, कॅटॅलिस्ट दुप्पट झाला तरी काटा त्याच चालीने उतरतोय. बॅचला गॅस पोचतच नाहीये. ॲजिटेटर बघा.”

पोकळ दांड्याचा ॲजिटेटर बसवला, वरचा गॅस ओढून खाली द्रवात सोडणारा, आणि माल सुधारला. कारण साधं आहे. हायड्रोजनची उपासमार झाली की रुथेनियम-हायड्राइड रिकामा बसत नाही. तो अल्किनचा दुहेरी बंध शेजारी सरकवतो, आणि सरकलेल्या अल्किनपासून उलट्या हाताचा रेणू तयार होऊ लागतो. जेरानिऑलच्या बाबतीत हे पुढे रीतसर प्रसिद्धही झालं. आमच्या अहवालात मात्र ‘उत्प्रेरकाच्या गुणवत्तेतील तफावत’ एवढंच आलं. काकांची ती वही मी मागून घेतली नाही याची रुखरुख अजून आहे. त्यांच्या अक्षरातले ते आकडे कुठल्याही निबंधात शोभले असते.

आणि हे ज्ञान काय परदेशातून आणायचं होतं? वायू द्रवात कसा शिरतो यावर मन मोहन शर्मा माटुंग्यात बसून जगाला शिकवत होते. दोरैस्वामी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होते. दोघांनी मिळून लिहिलेला दोन खंडांचा ग्रंथ १९८४मध्ये आला. आमच्यातल्या किती संश्लेषणवाल्यांनी तो उघडला? ‘तो इंजिनिअरांचा विषय’ म्हणून आपण हात झटकले. चक्र आपण काढायचं, वेग त्यांनी मोजायचा, आणि दोघांनी चहासुद्धा वेगळ्या टेबलांवर घ्यायचा!

माझ्या कार्यकाळात विद्रावकांतल्या हायड्रोजनच्या विद्राव्यतेची एक मराठी पुस्तिका काढण्याचा मानस आहे. गतिशास्त्राची एखादी कार्यशाळाही व्हावी. निधीचं आणि तारखांचं कार्यवाह आणि खजिनदार बघतीलच.

दुपारच्या पोस्टर सत्रात मी फिरणार आहे. ज्यांच्या पोस्टरवर फुगा आहे, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत आपला आरपीएम आठवून ठेवावा. ‘जोरात’ हे उत्तर मी ऐकून घेणार नाही.