महिन्याचे साडेतीन टक्के

बुलढाणा जिल्ह्याला व्याजाची ओळख नव्याने करून द्यायला नको. खामगावच्या सावकारी प्रकरणात शेतकऱ्याची तक्रार नोंदवून घेण्यात सरकारातूनच अडथळा आला, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2010 मध्ये राज्य शासनाला 10 लाख रुपयांचा दंड ठोठावला. पुढे 2014 मध्ये सावकारी नियमनाचा नवा कायदा आला आणि परवानाधारक सावकाराचे दर ठरले. विनातारण कर्जावर शेतकऱ्याला 12 टक्के, इतरांना 18 टक्के. तेही वर्षाला.

क्रेडिट कार्डावर मात्र थकबाकी राहिली, तर अनेक बँका महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लावतात. वर्षाचे झाले 42 टक्के! या व्याजावर 30 टक्क्यांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा 2008 चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला.

खरा घात होतो तो ‘किमान देय रकमे’त. समजा, मलकापुरातल्या एका नोकरदाराचे बिल 20,000 रुपये आले आणि किमान देय 1,000. तेवढे भरले की विलंब शुल्क लागत नाही, वसुलीचा फोन येत नाही. माणूस निर्धास्त होतो. पण उरलेल्या 19,000 वर महिन्याचे व्याज 665 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून सुमारे 785. पुढच्या महिन्यात पुन्हा हजार भरले, तरी मुद्दलातून जेमतेम 215 रुपये फिटतात. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. कार्डाने एटीएममधून रोकड काढली, तर बिनव्याजी मुदत मुळीच मिळत नाही.

शेतकरी कुटुंबाने तर फारच जपावे. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास येतो, कपाशीचा त्यानंतर. बिल मात्र दर महिन्याला दारात. किसान क्रेडिट कार्डाची गोष्ट वेगळी. ते पीककर्ज आहे, तीन लाखांपर्यंत 7 टक्के दराचे, आणि वेळेत फेडल्यास व्याजात आणखी सवलत मिळते. दोन्हींच्या नावात ‘क्रेडिट कार्ड’ आहे म्हणून दोन्ही एक समजू नयेत.

पगारदारांनी बँकेत सांगून दरमहा पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळते होण्याची सोय करून घ्यावी, ‘किमान’ रकमेची नव्हे. ज्यांना हे झेपत नाही, त्यांनी थकबाकी फेडून कार्ड बंद करण्याचा अर्ज द्यावा. बाकी शून्य असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार बँकेला सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करावे लागते. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला ग्राहकाला 500 रुपये द्यावे लागतात.