दोन भाषांचा रेंजर

अमेरिकेत टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीकाठी, 1943 साली स्थापन झालेलं सांता आना अभयारण्य आहे. नदीपलीकडे मेक्सिको. आसपासच्या अनेक घरांत आजी-आजोबा स्पॅनिश बोलतात, नातवंडं इंग्रजी. अशा ठिकाणी दोन्ही भाषा येणारा रेंजर फार मोलाचा. आपल्या सातभाईंसारखा कलकलाट करणारा तिथला पक्षी म्हणजे 'चाचालाका'. दोन्ही भाषांत नाव तेच. रेंजर आजीलाच स्पॅनिशमधून विचारतो, "हा कोण ओरडतोय?" इंग्रजी पाटीपुढे गप्प उभी असलेली आजी बोलू लागते आणि नातवंडं ऐकू लागतात. जंगल राखायचं तर ते आधी आपलं वाटायला हवं. विज्ञान मराठीतून शिकलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.