उरलेल्या मॉर्फिनचे काय करायचे?



आपल्यापैकी अनेकांचे आईवडील आता शेवटचे दिवस इथेच, आपल्या घरी काढतात. हॉस्पिसची नर्स येते, मॉर्फिनची बाटली येते, फेंटानिलचे पॅच येतात. माणूस जातो आणि ही औषधे कपाटात तशीच राहतात. मी संशोधक आहे, वकील नव्हे. पण हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला की नियम मुळातून वाचून काढले.

१९७० च्या कायद्याप्रमाणे नियंत्रित औषध एकदा रुग्णाच्या हाती पडले की औषधाच्या दुकानालाही ते परत घेता येत नसे. पोलिसांकडे द्यायचे, नाहीतर घरीच नष्ट करायचे. २०१० चा कायदा आणि डीईएचे २०१४ चे नियम यांनी हे बदलले. आता बऱ्याच दुकानांत कुलूपबंद पेटी असते. गोळ्या आपणच आत टाकायच्या. कर्मचारी त्यांना हात लावत नाहीत, मोजत नाहीत. नाव सांगावे लागत नाही. मृताच्या वारसांनाही ही मुभा आहे.

पेटी जवळ नसेल तर एफडीएच्या यादीतली मोजकी औषधे, त्यांत मॉर्फिन आणि फेंटानिल, कमोडमध्ये सोडायला सांगितले आहे. पर्यावरणाबद्दल बोलणाऱ्या आपल्याला हे खटकणारच. मलाही खटकते. पण वापरून काढलेल्या पॅचमध्येसुद्धा लहान मुलाचा जीव जाईल इतके औषध उरते. अशा वेळी मी पॅच चिकट बाजू आत दुमडून कमोडमध्येच टाकीन.

आता आपली खास सवय. "फेकायचे कशाला? गावाकडच्या दवाखान्याला पाठवू." हेतू चांगलाच आहे. भारतात अफूची कायदेशीर शेती होते, आणि तरीही खेड्यातल्या कॅन्सर रुग्णाला मॉर्फिन मिळणे कठीण. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने डॉक्टरांनाही धाक बसवला होता. २०१४ च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी केली. पण बॅगेत घालून नेलेले मॉर्फिन हा दोन्ही देशांत गुन्हा ठरू शकतो, आणि पकडली जाते ती बिचारी बॅग नेणारी मावशी. त्यापेक्षा पुण्यात वारज्याला सिप्लाचे वेदनाशमन केंद्र १९९७ पासून मोफत चालते, केरळात डॉ. राजगोपाल यांची पॅलियम इंडिया आहे. त्यांना पैसे पाठवा.

डीईएचा संकलन दिवस साधारण एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये असतो. बाटली झाकण घट्ट लावून न्या. इन्सुलिनच्या सुया मात्र तिथे घेत नाहीत.