दोन भाषांचं तोंड, तिसरीचा उच्चार

विषय इंग्रजी उच्चारांचा आहे, पण सुरुवात पाट्यांपासून करतो. एकाच रस्त्यावर मराठीत लिहिलेलं ‘बँक’ दिसतं आणि हिंदीत लिहिलेलं ‘बैंक’. लिपी एकच, देवनागरी. पण आपण मराठीत ‘पैसा’ म्हणताना ‘पइसा’ म्हणतो आणि हिंदीत तोच ‘ऐ’ सरळ, एकजीव काढतो. घरच्या मराठीवर वाढलेल्या पहिलीतल्या पोराने ‘बैंक’ वाचताना ‘बइंक’ म्हटलं, तर त्याचं काही चुकलं नाही. त्याने अक्षराला घरची किंमत दिली.

मध्यप्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौसर या मराठी भागाचं हे दुखणं जुनं आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर आणि वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, या दोन्ही गावांचा तेव्हाचा जिल्हा छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला. 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौसर मिळून नवा जिल्हा झाला, तरी घर मराठीचं आणि दप्तर हिंदीचं हा हिशोब तसाच आहे. त्यात तिसरी आली इंग्रजी. मग पालक म्हणतात, “आमच्या पोराची जीभच वळत नाही, दोन भाषांनी घोळ केला.” मला याच्या नेमकं उलट सांगायचं आहे. जीभ उत्तम वळते. घोळ लिपीचा आहे. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून पाठ करायची सवय या भागात जास्त नडते, कारण इथे एका अक्षराच्या दोन किमती आहेत.

इंग्रजीतही हीच गंमत आहे, फक्त मोठ्या प्रमाणावर. अक्षरं 26. ब्रिटिश प्रमाण उच्चारात ध्वनी साधारण 44, त्यातले 20 स्वर. स्वर दाखवायला अक्षरं मात्र पाच. तेव्हा स्पेलिंगवरून उच्चार काढणं हा जुगार आहे आणि देवनागरीत उतरवून घेणं हा त्यावरचा दुसरा जुगार.

आता तोंडातलं भांडवल मोजू. मराठीने आपल्याला ‘ॲ’ आणि ‘ऑ’ दिले. ‘मॅन’ आणि ‘मेन’ यांतला फरक मराठी मुलाला शिकवावा लागत नाही, लिहूनही दाखवता येतो. हिंदीने काय दिलं? ऱ्हस्व-दीर्घाची जाण. मराठीत आपण ‘इ’ आणि ‘ई’ लिहिताना भांडतो, बोलताना त्या फरकावर फारसं काही अवलंबून नसतं. हिंदीत ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब; तिथे लांबी मोजावीच लागते. ‘शिप’ आणि ‘शीप’, ‘फिल’ आणि ‘फील’ वेगळे काढायला हीच जाण कामी येते. एकाच भाषेच्या मुलाकडे यातलं अर्धं असतं. तुमच्या मुलाकडे दोन्ही आहे.

‘ज’चं प्रकरण जरा थांबून पाहू. ‘चमचा’ म्हणा. आता ‘चमचे’ म्हणा. शेवटचा ‘च’ बदलला ना? ‘दरवाजा’, ‘दरवाजे’. इथे ‘ज’ बदलला. मराठीत पुढे ‘इ’ किंवा ‘ए’ आला की दाताजवळचा ‘च’ आणि ‘ज’ टाळूकडे सरकतात. कुणी शिकवलेलं नसतं, आपोआप होतं. याचा परिणाम बघा. प्राणिसंग्रहालयासाठीचा इंग्रजी शब्द आपण ‘झू’ लिहितो आणि बराच बरा म्हणतो. पण ‘झीरो’, ‘झेब्रा’, ‘झेरॉक्स’ म्हणताना पुढे ‘ई’ किंवा ‘ए’ येतो आणि ध्वनी टाळूकडे पळतो, वर ‘झ’चा हकार चिकटतो तो वेगळाच. हिंदीवाला खाली नुक्ता म्हणजे टिंब देऊन ‘ज’ लिहितो, पाटी रंगवणारा नुक्ता विसरतो आणि ‘जेरॉक्स’ होतं. दोन्ही दुकानांत प्रत सारखीच निघते, उच्चार दोन्हीकडे हुकतो.

उपाय सोपा आहे. गळ्यावर बोट ठेवा. लांब ‘स्‌ऽऽऽ’ काढा. बोटाला काही जाणवणार नाही. आता जीभ, दात, ओठ काहीही न हलवता त्यातच आवाज मिसळा. भुंग्यासारखी गुणगुण निघेल, बोटाला थरथर लागेल. तोच तो ध्वनी. त्याला लगेच ‘ईरो’ जोडा. ‘ज’ आणि ‘झ’ दोन्ही डोक्यातून काढून टाका. तो ‘स’चा भाऊ आहे.

‘व्ह’चंही असंच. ‘व्हॅन’ लिहितो म्हणून आपण ‘ह’ म्हणतो. तिथे ‘ह’ नाही. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून वारा घासत सोडायचा, बस. आणि ‘वॉटर’ला दात लावायचेच नाहीत, ओठ गोल करायचे. ‘व्हॉट्सॲप’ने मात्र सगळ्यांची पंचाईत केली आहे: तिथे ओठ गोल हवेत आणि आपण लिहितो ‘व्ह’!

या सगळ्यामागे शास्त्र आहे. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी 1957 मध्ये ‘वर्ड’ या नियतकालिकात मराठी माणसाच्या इंग्रजीवर लेख लिहिला. परकी ढब हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्याच केळकरांनी 1968 मध्ये हिंदी-उर्दूच्या ध्वनिव्यवस्थेवर पुस्तक काढलं. मराठी आणि हिंदी, दोन्ही एकाच कानाने ऐकणारा असा अभ्यासक तुमच्या भागातल्या शिक्षकाने मुद्दाम वाचावा.

आणि ढबीची लाज किती बाळगायची? वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘काळा’चा ‘काया’ होतो, म्हणून मास्तर हसतात. लंडनच्या कामगार वस्तीत ‘मिल्क’मधला ‘ल’ विरघळून ‘मिउक’ असं काहीसं ऐकू येतं. तिथे त्याला लंडनची बोली म्हणतात, इथे गावंढळ म्हणतात. भाषा-अभ्यासक जेनिफर जेन्किन्स यांनी 2000 साली जगभरच्या परभाषिकांनी एकमेकांशी बोलायच्या इंग्रजीसाठी आवश्यक उच्चारांची यादी मांडली. ‘थिंक’मधला दातांत जीभ घालून काढायचा ध्वनी त्यांनी यादीबाहेर ठेवला. आपला ‘थ’ चालतो. शब्दाच्या सुरुवातीच्या ‘प’, ‘ट’, ‘क’ला थोडा श्वास हवा, हे मात्र यादीत आहे. आपल्या कोरड्या ‘पिन’मध्ये इंग्रजाला ‘बिन’ ऐकू येऊ शकतं. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून ‘कर’ आणि ‘खर’ म्हणा. दुसऱ्या वेळी पट्टी हलते. तो श्वास आपल्याकडे आधीपासून आहे, योग्य जागी थोडासा खर्च करायचा आहे. एवढं असताना क्लासवाले पैसे घेऊन ‘वॉटर’चं अमेरिकन ‘वॉडर’ करायला शिकवतात, याला मी लूट म्हणतो.

खरी उणीव वेगळीच आहे, ती म्हणजे जोर. मराठीत आणि हिंदीत शब्दाच्या कोणत्या भागावर जोर दिला याने सहसा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत बदलतो. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. ‘फोटोग्राफ’मध्ये पहिल्यावर आणि ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘फटॉग्रफर’. जोर सरकला की मागचापुढचा स्वर पुसट होतो. देवनागरी प्रत्येक अक्षराला पूर्ण मान देते, म्हणून आपण ‘डेव्हलप’चा पहिला भाग दणकून म्हणतो, तर जोर हवा मधल्यावर. रा. कृ. बन्सल यांनी 1969 च्या आपल्या अभ्यासात भारतीय इंग्रजी बाहेरच्यांना का कळत नाही हे तपासलं, तेव्हा चुकीचा जोर हे एक ठळक कारण निघालं.

तेव्हा इथल्या शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. फळ्यावर नवा इंग्रजी शब्द लिहाल, तेव्हा त्याखाली देवनागरी लिहू नका. मोबाइलवरच्या शब्दकोशात तो आधी मुलांना ऐकवा आणि जोराच्या भागाखाली रेघ ओढा. रेघ चुकीच्या जागी वाटली तर मुलांना विचारा. त्यांचे कान तुमच्यापेक्षा ताजे आहेत.