फोटो आपला, नावही आपलं

(व्यवसाय म्हणून फोटोग्राफी करू पाहणाऱ्या मुलींच्या शिबिरातील भाषण)



कॅमेरा कसा हाताळायचा, उजेड कसा ओळखायचा हे या शिबिरात तुम्ही शिकालच. मी बोलणार आहे ते कॅमेरा खाली ठेवल्यावर काय होतं त्याबद्दल. फोटो कुणाच्या नावावर जातो, पैसे कुणाच्या हातात पडतात आणि रात्री घरी कसं पोचायचं, याबद्दल.

होमाई व्यारावाला हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. जन्म १९१३ चा, नवसारीचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या शिकल्या. १९४२ साली दिल्लीला गेल्या आणि भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या. पण सुरुवातीला त्यांनी काढलेले फोटो पतीच्या, माणेकशॉ यांच्या नावाने छापले जात. १९७० साली त्यांनी काम थांबवलं. पद्मविभूषण मिळाला तो २०११ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. गावोगावचे फोटो स्टुडिओ बघा. पाटीवर नाव मालकाचं असतं. अल्बम लावणं, फोटो निवडणं, संगणकावर ते दुरुस्त करणं, गिऱ्हाईक सांभाळणं हे पुष्कळदा त्याची बायको किंवा बहीण करते. त्याला म्हणायचं 'हातभार'. शेतात राबणाऱ्या बाईच्या कामालाही हाच शब्द आहे.

म्हणून कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारी व्यक्ती. पण कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार झाला नसेल, तर त्याची मालकी पैसे देणाऱ्याकडे जाते. पगारी नोकरीतल्या कामाची मालकीही एरवी मालकाकडेच जाते. मात्र मालकी गेली तरी 'हे काम माझं आहे' असं सांगण्याचा कर्तीचा हक्क शिल्लक राहतो. तेव्हा पहिल्या ऑर्डरपासून एक कागद करा. त्यात किती तास काम, किती रक्कम, आगाऊ किती, फोटो कुठे वापरणार, नाव कुठे छापणार आणि हे फोटो मला माझं काम म्हणून दाखवता येतील की नाही, एवढं लिहा. दोघांच्या सह्या घ्या. ओळखीचं घर असलं तरी घ्या.

आता पैशांचं. हळद, डोहाळजेवण, बारसं अशा कार्यक्रमांना 'फोटो काढायला बाईच हवी' असं सांगत लोक तुमच्याकडे येतील. ही तुमची जमेची बाजू आहे. पण त्याच दमात 'घरचंच तर आहे' म्हणून दर पाडतील. दर सांगताना केवळ कार्यक्रमाचे तास मोजू नका. फोटो निवडायला आणि दुरुस्त करायला घरी बसून लागणारे दिवस, कॅमेऱ्याची झीज, लेन्सचं भाडं, प्रवास हे सगळं त्यात धरा. रात्री परतायच्या गाडीचं भाडंसुद्धा बिलात लावा. सुरक्षित घरी पोचणं हा कामाच्या खर्चाचाच भाग आहे.

सुरुवातीला तुम्ही कुणाच्या तरी हाताखाली काम कराल. तिथे त्रास झाला तर 'या धंद्यात असंच असतं' हे ऐकून घेऊ नका. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ, रोजंदारीच्या आणि बिनपगारी काम करणाऱ्या बाईलाही लागू आहे. कामानिमित्त गेलात ते मंगल कार्यालयही कामाचीच जागा ठरते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या स्टुडिओविरुद्ध किंवा खुद्द मालकाविरुद्ध जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ती तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते.

शेवटचं बोलायचं आहे ते इथे बसलेल्या संघटनांच्या कार्यकर्त्यांशी. मोर्चाला, मेळाव्याला आपण अशाच एखाद्या मुलीला बोलावतो. 'चळवळीचं काम आहे' म्हणून पैसे देत नाही, आणि अंकात फोटो छापताना तिचं नाव विसरतो. मांडव घालणाऱ्याचं बिल आपण देतोच ना? मग पुढच्या कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात फोटोग्राफरच्या मानधनाची एक ओळ घाला, आणि अंकात प्रत्येक फोटोखाली नाव छापा. बाईच्या कामाचा हिशेब मागणाऱ्या आपण आहोत. तो हिशेब आधी आपल्या वहीत दिसला पाहिजे.