मल्लखांबावरील डौल

दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांनीं मल्लखांबाचें पुनरुज्जीवन केलें, तें कुस्तीगिराच्या अंगीं बळ व चपळाई यावी म्हणून. २०१९ सालीं मुंबईंत या विद्येच्या जागतिक स्पर्धाही झाल्या. परंतु पाहणाराचें मन वेधतो तो डौल. तो येतो कोठून?

अढी, तेढी, बगली, दसरंग हीं या विद्येचीं अक्षरें होत. सर्वांस तींच शिकावीं लागतात. एका पकडीतून दुसरींत जातांना मात्र ज्याचें त्याचें वळण दिसूं लागतें. खांबाला एरंडेल चोळलेलें असतें. त्यामुळें कातडी सोलत नाहीं, पण घाई केली कीं अंग घसरतें. म्हणून पहिली पकड सुटण्यापूर्वीं दुसरी बसली पाहिजे. श्वास कोंडला तर शरीर ताठरतें, आणि ताठर शरीराला लय कोठली?

मी शाळेंत मुलांना मल्लखांब शिकवीत असें. एक मुलगा अगदीं सावकाश, वेलीसारखा चढे. चपळाईचा अभिमानी असलेला मी त्याला चारचौघांत मंद म्हणालों. तो घाई करूं लागला. पकडी चुकूं लागल्या. एके दिवशीं त्यानें येणेंच सोडलें. ती संथ चाल हाच त्याचा डौल होता, हें मला निवृत्तीनंतर उमगलें.

तरुण शिक्षकांस एवढेंच सांगणें आहे : कित्ता सर्वांकडून कसून गिरवून घ्या, वळण मात्र ज्याचें त्याला राहूं द्या.