गोड द्राक्षांचे रानटी पाय

आज एका रानवेलीविषयी बोलू. शास्त्रीय नाव व्हिटिस रिपेरिया. रिपेरिया म्हणजे नदीकाठची. उत्तर अमेरिकेत, पुराचं पाणी पसरतं अशा सखल रानात ही द्राक्षवेल झाडांवर चढते. फळ बारीक, काळं, आंबट. बाजारात तिला कोणी विचारणार नाही.

पण १८६०च्या दशकात फ्रान्समध्ये फायलोक्सेरा ही मुळांवर जगणारी कीड पसरली आणि बागाच्या बागा वाळल्या. कीड अमेरिकेतूनच आलेली, म्हणून तिथल्या रानवेली तिला पुरून उरत. मग खाली रिपेरियासारख्या वेलीचा खुंट आणि वर युरोपची गोड जात, अशी कलमं सुरू झाली.

तरी अडचण उरलीच. गाळाच्या जमिनीतली ही वेल चुनखडीच्या जमिनीत पिवळी पडायची. १८८७ साली फ्रान्सने पिएर व्हियाला यांना अमेरिकेला पाठवलं. टेक्सासमध्ये टी. व्ही. मन्सन यांनी त्यांना चुनखडीत वाढणाऱ्या रानवेली दाखवल्या. फौजेत जमीन बघून मोर्चा बांधतात, खुंटाचंही तसंच आहे.

आता आपल्याकडे या. नाशिक, सांगली, सोलापूरकडच्या बागांत वर थॉमसन किंवा तास-ए-गणेश दिसते, पण जमिनीखाली बहुतेक ठिकाणी डॉगरीज असतो. हाही टेक्सासच्या रानातला. पाण्याचा ताण आणि खारवट पाणी सोसतो, म्हणून आपल्या शेतकऱ्यांनी तो स्वीकारला. आधी खुंटरोप लावायचं, मुळं धरली की सप्टेंबर-ऑक्टोबरात पाचर कलम करायचं. मात्र जमिनीत सोडियम जास्त असेल, तर डॉगरीजवरच्या वेलीतही तो साचतो. तिथे ११० आर हा खुंट निवडतात. म्हणून नवी बाग लावणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच : शेजाऱ्याने लावला म्हणून खुंट घेऊ नका. आधी माती आणि पाणी तपासून घ्या.

मी राहतो त्या सांगानेरजवळून द्रव्यवती नदी जाते. तिचा काठ आता बराचसा काँक्रीटचा आहे. फिरायला वाट झाली, ते बरंच झालं. पण नदीकाठची झाडी म्हणजे रिकामी जागा नव्हे. फ्रान्सला वेल मिळाली, कारण अमेरिकेत नदीकाठची रानं शिल्लक होती. द्राक्षाच्या कुळातलं रानद्राक्ष आपल्याही जंगलांत आहे. उद्या कोणता रोग येईल आणि तेव्हा कोणती वेल लागेल, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. तेव्हा ओढ्याकाठचं रान साफ करायला निघाल, तर कोयता उचलण्याआधी गावातल्या जाणत्या माणसाला त्या वेलीचं नाव विचारा.